थोरल्या सुनेचं जनावर

मी नागपूरहून कादंबरी आणली, ती चुकीची निघाली. सुरुवात इथूनच करतो, कारण पुढं जे काही झालं त्यात माझा हातभार कुठून लागला हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

बायकोनं चिठ्ठी लिहून दिली होती. "एका पुस्तकाचं नाव लक्षात राहत नाही का मले?" असं तिला ऐकवून मी ती चिठ्ठी पाटावरच ठेवून निघालो. सीताबर्डीवरच्या दुकानात उभा राहिलो आणि नाव डोक्यातून पार उडालं. मागं गिऱ्हाईकं खोळंबलेली. लाज झाकायला मी जरा मोठ्या आवाजात म्हणालो, "बी. ए. फायनलची मराठी कादंबरी द्या." दुकानदारानं मागं न पाहता एक काढली, कागदात गुंडाळली आणि दिली. त्याच्या त्या सहजपणामुळं मला वाटलं, झालं काम. परतीच्या पॅसेंजरमध्ये काटोल येईपर्यंत मी काही पानं वाचली, नरखेडपर्यंत मत बनवलं, आणि पांढुर्ण्याला उतरलो तेव्हा ही कादंबरी बायकोला कशी शिकवायची तेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

तिनं पुस्तक हातात घेतलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"पुस्तक चांगलं दिसते," ती म्हणाली. "पण हे महाराष्ट्राचं होय."

"मंग मराठी पुस्तक कुठलं राहीन? पंजाबचं?"

"अहो, हे तिकडच्या कोर्सले आहे. आपण मध्य प्रदेशात राहून राहिलो न!"

आमच्या मुलखातल्या माणसाकडूनच होईल अशी ही चूक. घरात मराठी, कचेरीत हिंदी. पुस्तकं, लग्नाचे शालू आणि डोळ्यांचे डॉक्टर नागपूरचे. पण परीक्षा मात्र आपल्या राज्याची, आणि मराठीचा पेपर तपासणारा बहुधा इंदूर नाहीतर ग्वाल्हेरकडचा कोणी प्राध्यापक. नागपूरला गेलो की आम्ही हे विसरतो आणि परत येताना ते बरोबर आठवतं.

ऐंशीच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. मी पांढुर्ण्याला कापसाच्या जिनात कारकून होतो. घरी बायको, आई आणि चार वर्षांची मुलगी. बायकोचं माहेर सौसरचं. लग्नाच्या आधी ती बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला बसली होती आणि नापास झाली होती. अर्थशास्त्रात पास, हिंदीत तर चांगली पास, आणि नापास झाली ती मराठीत! दोन्हीकडच्या नातेवाइकांना हा विषय पुरला. कोणाचंही लग्न असो, बारसं असो, पंगत बसली की कोणीतरी विचारायचंच, "काहून बाई, मराठी बोलता येते न?" ती हसायची. वाढता वाढता हसायची. मीही हसायचो, आणि मला वाटायचं की आम्ही दोघं एकच हसतो आहोत.

यंदा तिनं खाजगी परीक्षार्थी म्हणून पुन्हा सगळे पेपर द्यायचं ठरवलं होतं. कारण जुना कोर्स यंदा संपत होता. यंदा जमलं नाही तर पुढं नवा कोर्स, आणि पहिल्या वर्षापासून पुन्हा सुरुवात. तीन वर्षं पुन्हा कोण तिला देणार? मी देणार होतो का, हे तिनं मला विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नोकरी लागो न लागो, तिला आपल्या नावापुढं ती दोन अक्षरं हवी होती. यंदा नाहीतर कधीच नाही, हे घरात कोणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. आईलासुद्धा.

खरी कादंबरी शेवटी मोहगावला सापडली. तिच्या जुन्या मैत्रिणीनं जपून ठेवली होती. मधल्या काही पानांचे कोपरे उंदरानं कुरतडलेले, पण अक्षर न् अक्षर शाबूत. मी बसनं जाऊन घेऊन आलो. या वेळी चिठ्ठी खिशात होती.

कादंबरीचं नाव इथं सांगत नाही. ती सगळ्या मराठी मुलखात नावाजलेली, जुनी आणि जाडजूड आहे, आणि आम्ही तिच्यातल्या माणसांचं पुढं जे केलं ते तिच्या चाहत्यांना आवडणार नाही. देशावरच्या एका मोठ्या घराची ती गोष्ट. घर मोडतं, वाटण्या होतात. त्या घरात पाच म्हातारे. आबा, आप्पा, अण्णा, तात्या आणि नाना. आता आमच्याकडं बापाला बाबा म्हणतात, बापाच्या मोठ्या भावाला मोठे बाबा, आणि विषय संपतो. हे पाच जण बायकोच्या डोक्यात एकमेकांच्या अंगावर पडायचे. मागच्या परीक्षेत तिनं आप्पांना विहिरीत घातलं होतं आणि अण्णांना वाटणी मागायला लावली होती. वास्तविक विहिरीत गेले होते आबा, आणि वाटणी मागितली होती तात्यांनी. आप्पा शेवटच्या पानापर्यंत ठणठणीत जेवत होते.

मी संध्याकाळी जिनातून यायचो, भुवयांवर कापूस घेऊन. हातपाय धुतले की ती भाकरी थापायची आणि मी चुलीपासून जरा लांब बसून मोठ्यानं वाचायचो. आई खाटेवर बसून तूर निवडायची आणि आपण ऐकतच नाही असं दाखवायची.

"थांबा," बायको म्हणायची. "हे अण्णा म्हणजे कोणते?"

"अवं, आताच त सांगितलं."

"आताच सांगितलं ते तात्या."

असं चार-पाच वेळा झालं तेव्हा मी वैतागून म्हणालो, "हे पाहा, अण्णा म्हणजे सिंह समज. आलं लक्षात? गर्जना करते, सगळे भितात. सिंह!"

बोलून गेलो आणि मलाच ती युक्ती फार आवडली. पुस्तक बाजूला ठेवून मी भराभर वाटप केलं. अण्णा सिंह. आबा हत्ती. तात्या नाग. धाकटी सून हरिणी. थोरली सून अर्थात गाय. आज वाटतं, ही सगळी जनावरं मी सर्कशीच्या जाहिरातीतून उचलली असावीत. एक गाय सोडली तर त्यातलं एकही मी मोकळं फिरताना पाहिलेलं नव्हतं.

"सिंह कुठं पाहिला तुमी?" बायकोनं विचारलं.

"नागपूरले. पिंजऱ्यात."

"काय करून राहिला होता?"

"झोपला होता."

"मंग? अण्णा झोपले आहेत का? ते त अंगणात उभं राहून ओरडून राहिले." तिनं भाकरी उलटली. "आमच्या घरचा लाल कोंबडा. उकिरड्यावर चढला का त्याले वाटे आपण मालगुजार झालो. अण्णा म्हणजे तो."

आणि अण्णा कोंबडा झाले ते झालेच. पुढं त्यांच्या तोंडचं वाक्य आलं की मला नुसतं वाचता येईना. मान वर जायची आपोआप.

माझं प्राणिसंग्रहालय त्या संध्याकाळीच बंद पडलं. तिचं सुरू झालं. ती वाढली बोरगावच्या रस्त्याला असलेल्या बापाच्या संत्र्याच्या बगीच्यात. तिच्याकडं जनावरांचा तोटा नव्हता, आणि प्रत्येक जनावर तिच्या ओळखीचं होतं.

आप्पा म्हणजे बाजारातला सोडलेला सांड. कोणाच्याही टोपलीत तोंड घालतो, आणि देवाच्या नावानं सोडलेला म्हणून कोणी मारत नाही. नाना म्हणजे बगीच्यातलं वानर. "भूक राहिली असती त काही म्हणलं नसतं," ती म्हणाली. "एक संत्रं तोडते, एक दात लावते, फेकते, दुसरं तोडते. नानानं जमीन तशीच विकली. पोटासाठी विकली असती त राग आला नसता."

तात्यांवर मात्र आमचं भांडण झालं. वाटणी मागणारा माणूस म्हणजे नाग, याच्यावर मी अडून बसलो.

"मांजर होय ते," ती म्हणाली.

"दुधावर डोळा म्हणून?"

"ते त आहेच. पण मांजर माणसाले नाही धरून राहत, घराले धरून राहते. वाटणी झाल्यावर सगळे शहरात गेले. पडक्या घरात शेवटी कोण राहिलं? तात्याच राहिला न?"

मी पानं चाळली. तात्याच राहिला होता. मला इतके दिवस तो नुसता लोभी वाटत होता.

कादंबरीतल्या सासूची पाळी आली तेव्हा तिनं आवाज जरा खाली आणला. खाट जवळच होती.

"म्हैस," ती म्हणाली. "एकाच माणसाच्या हाताले दूध देते. दुसऱ्यानं हात लावला का लाथ." त्या सासूचा सगळा जीव धाकट्या लेकावर होता. थोरल्या सुनेनं काहीही केलं तरी तिला गोड लागायचं नाही.

तूर निवडायचा आवाज थांबला.

"दुसऱ्याचा हात थंडा असन," आई म्हणाली. "नाहीत घाईचा असन. म्हशीले कळते. उगाच लाथ नाही मारत जनावर."

आईनं पुढं विचारलं, "त्या बाईचा मालक कधी गेला?"

म्हणजे सगळं ऐकत होती! मी सांगितलं, आबा म्हणजेच तिचा मालक, आणि ते विहिरीत गेले पहिल्याच भागात.

"पाहा," आई म्हणाली. "अन् तुमी तिची लाथ मोजून राहिले."

माझे वडील गेले तेव्हा मी लहान होतो. तो विषय आमच्या घरात निघत नसे. बायकोनं त्या संध्याकाळी आईच्या ताटात तुपाची धार जरा जास्त सोडली, आणि दुसऱ्या दिवसापासून आईनं तूर बाजूला ठेवून उघड उघड ऐकायला सुरुवात केली. म्हैस मात्र म्हैसच राहिली. आईनंही ती मान्य केली, आपली बाजू नोंदवून.

आबांचं जनावर बायकोनं बरेच दिवस सांगितलं नाही. आबा विहिरीत पडले की त्यांनी उडी मारली, हे कादंबरी सांगत नाही. मी म्हणालो, ते महत्त्वाचं नाही, परीक्षेत विचारणार नाहीत. ती म्हणाली, "आमचा कुत्रा म्हातारा झाला होता. मरायच्या आधी उठला, घर सोडून बगीच्याच्या पार टोकाले जाऊन बसला. कोणाले त्रास नको म्हणून. बाबांनी उचलून आणला त पुन्हा गेला." मग म्हणाली, "वाचा पुढं." मी वाचायला लागलो.

राहिली थोरली सून. तिच्यावरच सगळी कादंबरी उभी होती, आणि प्रश्न आला तर तिच्यावरच येणार हे उघड होतं. सगळ्यांचं करते, बोलत नाही, वाटणीच्या दिवशी तिच्या वाट्याला फुटकी भांडी येतात ती उचलते आणि चालू लागते. गाइडात तिला 'त्यागमूर्ती' म्हटलं होतं, जाड अक्षरात.

"गाय," मी म्हणालो. "याच्यात वादच नाही. गरीब गाय."

"गाय नाही."

"काहून?"

"गाय पाहिली आहे का तुमी कधी? वासराले कोणी हात लावला का पाहा मंग गरीब गाय." तिनं पिठानं भरलेला हात झटकला. "गाय नाही एवढं माहीत आहे. काय आहे ते माहीत नाही."

"मंग थोरला? तिचा नवरा?"

हे विचारताना माझ्या मनात जरा धाकधूक होती. तो थोरला मला मनापासून आवडायचा. सज्जन माणूस. बायकोवर कधी हात नाही, आवाज नाही. ओट्यावर बसून पेपर वाचतो आणि काही विचारलं तर म्हणतो, "तू म्हणशील तसं." मला वाटायचं, लेखकानं त्याला आणखी पानं द्यायला हवी होती.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडं.

"त्याचं राहू द्या," ती म्हणाली.

परीक्षेचं केंद्र सौसरला होतं. ती मुलीला घेऊन माहेरी गेली. जायच्या आदल्या दिवशी मी पाचही म्हातारे विचारून घेतले. कोंबडा, सांड, वानर, मांजर, कुत्रा. एकही चुकला नाही. आईनं तिच्या हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "बाई, त्या म्हशीचं जरा सांभाळून लिहिजो."

मराठीचा पेपर शेवटचा होता. त्या दिवशी मी जिनातून सुट्टी काढून सौसरला गेलो. कॉलेजच्या फाटकाबाहेर कडुलिंबाच्या सावलीत उभा राहिलो. ऊन तापलं होतं. पोरं-पोरी बाहेर येत होत्या, बोलत, हसत, आणि त्यांच्यात मधेच ती, डोक्यावर पदर घेतलेली, दोन्ही हातांची बोटं शाईनं निळी. चेहऱ्यावरून काही कळेना.

सासऱ्यांकडं जेवलो. "जावईबापू, मास्तरकी केली तुमी," ते म्हणाले, आणि मी नम्रपणे ती कबूल केली. मग मुलीला आज्याजवळ उन्हाळ्यापुरती ठेवून आम्ही दोघं बसस्टँडवर येऊन बसलो. तिथं मी विचारलं.

"थोरली सून आली का?"

"आली. पंधरा मार्काले. व्यक्तिचित्रण."

"मंग? त्यागमूर्ती लिहिलं न?"

"नाही. बैल लिहिलं."

मला वाटलं माझ्या कानात जिनाचं यंत्र अजून चालू आहे. "बैल? बी. ए. च्या पेपरात?"

"हो."

"बाईले?"

"मंग काय सिंह लिहू?"

पुढं तिनं जे सांगितलं ते मी जमेल तसं सांगतो. तिच्या बापाची बैलजोडी होती. एक तगडा, एक जरा कमजोर. अशी जोडी असली की गाडीच्या दांडीला जू मधोमध बांधत नाहीत. गाठ चार बोटं तगड्या बैलाकडं सरकवून बांधतात. मग ओझं त्याच्या खांद्यावर जास्त येतं आणि कमजोराला सोपं जातं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. दोन बैल, बरोबरीनं चाललेले दिसतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी घरचे लोक त्यांचे खांदे लोण्याहळदीनं शेकतात, तेव्हा हाताला कळतं. एकाचा खांदा मऊ असतो आणि एकाचा दगडासारखा झालेला असतो.

"पेपरात बसल्यावर सुचलं," ती म्हणाली. "घरी नाही सुचलं. मी लिहिलं का, थोरलीचं अन् थोरल्याचं जू असं सरकवून बांधलं होतं. कोणी बांधलं ते पुस्तकात नाही. एवढ्या जाड पुस्तकात तिच्या खांद्याले एकानं हात लावून पाहिला नाही. बैलाले निदान वर्षातून एकदा आवतण देतात, उद्या जेवाले या म्हणून. तिले त्या घरात कोणी बस म्हणलं नाही."

शेजारी एक म्हातारा बिडी ओढत बसला होता. तो ऐकत होता. त्यानं मान हलवली.

मी विचारलं, "अन् थोरला?"

"तोबी बैलच. जोडीच न ती."

"कमजोर."

"वाईट नाही लिहिलं त्याच्याबद्दल," ती म्हणाली. "कमजोर बैलाचा काय दोष? तो काही बसत नव्हता, चालतच होता. फक्त त्यानं एकदा मान वळवून गाठ पाहाले पाहिजे होती, एवढं लिहिलं."

पांढुर्ण्याची बस लागली. मी झटकन उठून तिच्या हातातली पिशवी घेतली. दुसऱ्या हातातलीही घेतली. पाण्याची सुरई तिच्या मांडीजवळ होती, तीही घेतली, आणि मग मला बसचा दांडा धरायला हातच उरला नाही. कंडक्टर म्हणाला, "अरे भैया, चढो तो सही." तिनं मागून एक पिशवी काढून घेतली तेव्हा मी चढलो.

खरी भीती मला पुढं लागली. जिनाजवळ एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. मराठीचे. मी त्यांच्याकडं जाऊन, एका ओळखीच्या बाईची गोष्ट म्हणून, सगळं विचारलं. त्यांनी चष्मा काढला.

"स्त्रीपात्राला बैल?"

"हो गुरुजी. पण समजावून लिहिलं आहे. जुवाची गाठ वगैरे."

"बाबू, पेपर इंदूरला जाईल. तिथल्या प्राध्यापकानं जू कशाला पाहिलं असेल? तो म्हणेल, ही कोण गावंढळ, नायिकेला बैल म्हणते. लाल रेघ मारेल आणि पुढं जाईल." मग त्यांना बिचाऱ्यांना माझा चेहरा दिसला असावा. "पाच प्रश्नांतला एक गेला. बाकीचे चांगले असले तर निघेल काठावर. वहिनींना सांगा, चिंता करू नका."

मी घरी काही सांगितलं नाही. पण माझा सगळा उन्हाळा त्या इंदूरच्या प्राध्यापकाबरोबर गेला. जेवताना तो समोर असायचा. कधी मी त्याला तरुण करायचो, कधी त्याचा आजा शेतकरी करायचो. कधी वाटायचं, जनावरांचं खूळ मीच काढलं. त्या दिवशी नुसतं 'अण्णा म्हणजे अण्णा' म्हटलं असतं तर ती गाइडातलं 'त्यागमूर्ती' लिहून मोकळी झाली असती. ती मात्र सांडगे घालत होती, लोणचं घालत होती, आणि मधेच थांबून विचारायची, "तुमची तब्येत बरी आहे न?"

निकाल पेपरात यायचा. तो पेपर सकाळच्या गाडीनं स्टेशनवर उतरायचा. निकाल लागल्याचं कळलं तसा मी सायकल काढली. बायको मागं दारात उभी होती. "नंबर लक्षात आहे न?" तिनं विचारलं. मी खिशातली चिठ्ठी काढून दाखवली.

फलाटावरच पेपर घेतला. सौसर केंद्र. बारीक आकडे, मुंग्यांसारखे. मी तिसरी श्रेणी पाहिली. एकदा सुलट, मग उलट. नव्हता. मग पूरक परीक्षावाल्यांचे नंबर पाहिले, की निदान एका विषयावर अडली असेल. तिथंही नव्हता. पुन्हा तिसरी श्रेणी पाहिली, एकेका आकड्यावर नख ठेवून. मग पेपरची घडी केली आणि बाकावर बसलो. एक मालगाडी पूर्ण गेली.

घरी कसं सांगायचं याचा विचार करत सायकल हातात धरून चालत आलो. ठरवलं होतं की नव्या कोर्सचं मीच म्हणेन. तीन वर्षं तर तीन वर्षं. आई राहील मुलीजवळ, भाकरी मी शिकेन. हे सगळं मी चालता चालता खरंच ठरवलं, आणि मला त्याचा इतका आधार वाटला की दारात आलो तेव्हा चेहरा जवळजवळ हसरा होता.

"नाही?" तिनं विचारलं.

"अवं, काही हरकत नाही. नवीन कोर्स त..."

तिनं माझ्या हातातून पेपर घेतला. आई उठून तिच्या मागं येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण ती पाहत होती. बायकोनं ओट्यावर पेपर पसरला आणि पहिल्या आकड्यापासून बोट फिरवायला लागली. पहिली श्रेणी. फारच थोडे नंबर. मग दुसरी श्रेणी. तिथं दोन-तीन ओळी गेल्यावर बोट थांबलं.

तिनं चिठ्ठी मागितली. मी दिली. तिनं चिठ्ठीतला आकडा वाचला, पेपरातला वाचला, पुन्हा चिठ्ठीतला.

"काय झालं?" आई म्हणाली. "अवं, काय झालं?"

"पास झाली, माय," बायको म्हणाली. "सेकंड."

आईनं देवापुढं साखर ठेवली आणि उरलेली सगळ्यांच्या हातावर ठेवली. शेजारच्या बाया आल्या. मी प्रत्येकीला सांगत होतो, दुसरी श्रेणी, दुसरी श्रेणी, जणू ती मीच शोधून आणली होती. मधेच मी म्हणालो की इंदूरचा प्राध्यापक फार विद्वान माणूस असला पाहिजे, आणि कोणाला काही कळलं नाही. त्या पंधरा मार्कांतले किती मिळाले हे आम्हाला कधी समजलं नाही. मार्कशीटवर फक्त बेरीज असते.

सगळे गेल्यावर ती ओट्यावर येऊन बसली. पेपर अजून तिथंच होता. तिनं तो गुडघ्यावर घेतला आणि बराच वेळ त्या एका ओळीकडं पाहिलं. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "अवं, मले वाटलं..."

"मले माहीत आहे तुमाले काय वाटलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं पेपरची घडी घातली, सावकाश, तो नंबर वर राहील अशी. "एम. ए. चा निकाल पाहाले जाल न, त वरून पाहत या."